मोठ्या झाडीतला पालापाचोळा: किती उचलायचा आणि किती सोडून द्यायचा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. जागा साडेतीन एकर. त्यातली अडीच एकर दाट झाडी, मुख्यतः ओक आणि मेपल. घराभोवती गवत, फाटकापासून घरापर्यंत खडीचा रस्ता, उताराच्या तळाला लहानसं तळं. पानगळ लागली की प्रत्येक सुट्टी पंजा आणि ताडपत्री घेऊन राबण्यात जाते, आणि दोन दिवसांनी पाहावं तर झाडलेल्या जागी पुन्हा तेवढाच थर. बसून चालवायचा मोवर, म्हणजे गवत कापायचं यंत्र आहे, पण या दिवसांत तो शेडमध्येच असतो. आता हवेच्या झोताने पानं ढकलणारा पाठीवरचा मोठा ब्लोअर घ्यावा, मोवरच्या मागे ओढायचा, पानं झाडून पेटीत भरणारा स्वीपर घ्यावा, की सरळ ढीग करून काडी लावावी, असा तुमचा विचार चाललाय. शिवाय पानं तशीच राहिली तर झाडांना रोग लागतो आणि गोचिड्या वाढतात, असं शेजाऱ्यांनी डोक्यात भरवलंय.

यंत्राचं उत्तर देतो, पण जरा थांबून. मी बरीच वर्षं अशाच झाडीच्या जागांची देखभाल करतोय. यंत्राचा प्रश्न घेऊन येणाऱ्या बहुतेकांची अडचण यंत्राची नसतेच. अंगण झाडायची सवय त्यांनी रानाला लावलेली असते. पानं भराभर कशी उचलावीत हा प्रश्न दुय्यम आहे. कोणत्या जागेवरची पानं उचलावीच लागतात आणि ती जागा लहान कशी करता येईल, हे आधी ठरवायला हवं. ते ठरलं की काम निम्म्याच्या खाली येतं आणि यंत्रही लहानसं पुरतं.

आधी वजनाचा अंदाज घ्या. समशीतोष्ण भागातल्या पानझडी जंगलात दर हेक्टरी वर्षाला साधारण 3 ते 5 टन सुका पाचोळा पडतो. त्यात काटक्या आणि फळंही आली. तुमची अडीच एकर झाडी म्हणजे जवळपास एक हेक्टर, तेव्हा हिशेब तोच. पावसात भिजला की वजन दुपटीच्या वर जातं. एवढा माल एका माणसाने ओढून, ताडपत्रीवर घालून, कुठेतरी नेऊन टाकायचा, आणि तोही अशा ठिकाणाहून जिथे तो असायलाच हवा. तुम्ही दमता यात नवल नाही.

असायलाच हवा असं म्हणतो त्याचं कारण मातीत आहे. पान गळण्याआधी झाड त्यातलं साधारण निम्मं नत्र आणि स्फुरद परत ओढून घेतं. उरलेलं निम्मं, आणि कॅल्शियम तर जवळजवळ सगळंच, पानाबरोबर खाली येतं आणि हळूहळू पुन्हा मुळांना मिळतं. हे चक्र तोडलं तर काय होतं ते मध्य युरोपाने पाहिलंय. तिथले शेतकरी गोठ्यात अंथरायला जंगलातला पाचोळा पिढ्यान्‌पिढ्या खरवडून नेत. 18व्या-19व्या शतकात जर्मन भाषक मुलुखात हे फार मोठ्या प्रमाणावर चाले. माती आम्ल आणि निकस झाली, झाडांची वाढ खुंटली, आणि वनखात्यांना अखेर त्यावर बंधनं आणावी लागली. तुमच्या एका-दोन वर्षांच्या झाडण्याने एवढं होणार नाही, पण दिशा तीच.

विश्वास बसत नसेल तर झाडीत आत जाऊन उकिडवे बसा आणि थर हाताने उलगडा. वर यंदाची पानं, कोरडी, अख्खी, कुरकुरीत. त्याखाली गेल्या वर्षीची, काळपट आणि एकमेकांना चिकटलेली. काहींची तर नुसती शिरांची जाळी उरलेली. एक उचलायला जावं तर तीन-चार बरोबर येतात, कारण बुरशीच्या पांढऱ्या तंतूंनी ती एकमेकांना शिवलेली असतात. आणखी खाली पानाचा आकारच संपतो. ओलसर, काळा, भुसभुशीत चुरा लागतो, आणि त्या चुऱ्यात झाडाची केसासारखी बारीक मुळं वर चढून आलेली दिसतात. पंजाचे दात नेमके इथेच घुसतात. दरवर्षी खरवडलेल्या झाडीत हा मधला थर सापडतच नाही. सुक्या पानांखाली थेट घट्ट माती असते, आणि पावसाचं पाणी मुरण्याऐवजी तिच्यावरून वाहून जातं.

या थरात राहणारेही पुष्कळ असतात. कित्येक पतंगांचे कोश थंडीभर याच पाचोळ्यात पडून असतात, काजव्यांच्या अळ्या इथेच शिकार करतात, भुंग्यासारख्या दिसणाऱ्या बंबल माशांच्या राण्या पानांखालच्या सैल मातीत हिवाळा काढतात. पक्षी पानं उलथत फिरतात ते उगाच नव्हे.

आता शेजाऱ्यांच्या दोन भित्यांकडे वळू. रोगाची भीती झाडीच्या बाबतीत जवळपास निराधार आहे. मेपलच्या पानांवर डांबराच्या थेंबासारखे काळे डाग पडतात, ती बुरशी गळलेल्या पानांतच हिवाळा काढते हे खरं. पण ती झाडाचं रूप बिघडवते, जीव घेत नाही. फळझाडांचं मात्र वेगळं. घराजवळ सफरचंदाची झाडं असतील तर त्यांच्याखालची पानं उचला किंवा मोवरने अगदी बारीक करा, कारण सफरचंदावरच्या खपली रोगाची बुरशी त्या पानांतून वसंतात परत वर जाते. ब्लॅक वॉलनटची (अक्रोडाच्या जातीचं झाड) पानंही कच्ची असताना टोमॅटोच्या वाफ्यावर घालू नयेत. त्यातलं जुग्लोन हे टोमॅटोला घातक द्रव्य कुजताना काही आठवड्यांत नाहीसं होतं, तोवर ढिगातच राहू द्यावीत.

गोचिड्यांची भीती मात्र खोटी नाही, फक्त तिच्यावरचा इलाज लोक उलटा करतात. गवतावरची पानं ब्लोअरने झाडीच्या कडेला लोटायची आणि तिथे गुडघाभर बांध तयार करायचा, हा सर्रास चालणारा प्रकार. गोचिडीला दमट सावली लागते, आणि माणसं, कुत्री, हरणं यांची ये-जा असलेली जागा लागते. तो बांध तिला दोन्ही देतो. अमेरिकेत न्यू जर्सीत झालेला एक अभ्यास 2020 साली प्रसिद्ध झाला. त्यातही कडेला अशा साचवलेल्या पानांत गोचिडीची पिल्लं जास्त आढळली. म्हणजे झाडीच्या पोटात पसरलेला पातळ थर हा दोष नाही, काठावरचा बांध हा दोष आहे. गोचिड्यांमुळे लाइमसारखे आजार पसरत असतील अशा भागात राहत असाल तर गवत आणि झाडी यांच्यामध्ये मीटरभर रुंदीचा लाकडाच्या ढलप्यांचा किंवा खडीचा पट्टा ठेवा आणि मुलांचा झोपाळा, बसायची बाकं त्या पट्ट्यापासून दूर उन्हात न्या.

इथवर मी झाडीची बाजू घेतली. पण काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, आणि त्यातली सर्वांत मोठी म्हणजे आग. पानगळीनंतर पाऊस किंवा बर्फ येत असेल तर पाचोळा लवकर ओला होऊन दबतो. पानगळीनंतर कोरडा ऋतू असेल तर तोच पाचोळा महिनोन्‌महिने सरपण म्हणून पडून राहतो, आणि मग घराजवळचे नियम कडक करावे लागतात. वणव्यात घर पेटतं ते बऱ्याचदा ज्वाळांनी नव्हे, तर वाऱ्याने उडत आलेल्या ठिणग्यांनी. त्या छपराच्या पन्हळीत, पायऱ्यांखाली, भिंतीच्या कोपऱ्यात साचलेल्या सुक्या पानांवर पडतात. म्हणून भिंतीपासून दीड मीटरच्या आत एकही सुकं पान राहू देऊ नये, हा वणवाप्रवण भागातला पहिला धडा. पुढे 9 ते 10 मीटरपर्यंत थर साचू द्यायचा नाही, आणि त्याहीपुढे 30 मीटरपर्यंत झाडी विरळ ठेवायची. उतार घराकडे चढत असेल तर हे अंतर वाढवा, कारण आग चढावर वेगाने धावते. आग फारशी संभवत नसेल अशा दमट जागीही ते पहिले दीड मीटर मी मोकळे ठेवतो. भिंतीशी ओल धरत नाही आणि उंदरांना आडोसा मिळत नाही.

तेव्हा आता जागेवरून एक फेरी मारा आणि जिथे पान चालणारच नाही त्या जागा मनाशी पक्क्या करा. तुमच्या वर्णनावरून मला अशा पाच दिसतात: छप्पर आणि भिंतीलगतचा पट्टा, खडीचा रस्ता, पाणी वाहून नेणारे चर आणि मोऱ्या, तळं, आणि गवत. बाकी सगळं सोडून द्या.

छपराबद्दल फार सांगायला नको. पन्हळ वर्षातून एकदा नाही, दोनदा साफ करा, कारण तुमच्याकडे दोन पानगळी आहेत. मेपल लवकर आणि एकदम मोकळा होतो. ओक मात्र पानं धरून बसतो. लहान ओक तर वाळलेली पानं थेट वसंतापर्यंत फांदीवर ठेवतात. सगळं पडल्यावर एकदाच करू असं म्हणून थांबलात तर मेपलची पानं तोवर भिजून बसलेली असतात, आणि एकदाच करून निर्धास्त झालात तर ओक मागाहून सगळं पुन्हा भरून टाकतो.

मोऱ्यांकडे मात्र नीट लक्ष द्या, कारण झाडीच्या जागेत पानांमुळे होणारं खरं महागडं नुकसान इथेच होतं, आणि सगळं बळ गवतावर घालणारा माणूस नेमका हीच जागा विसरतो. खडीच्या रस्त्याखालून पाइप गेला असेल तर त्याच्या वरच्या तोंडाशी जाऊन पाहा. तुंबण्याची सुरुवात पानाने होत नाही, काटकीने होते. एखादी हातभर काटकी तोंडावर आडवी अडकते. तिला दुसरी, तिसरी येऊन टेकते. मग पाणी पानं आणून त्या काटक्यांवर सपाट चिकटवतं, पाण्याच्या दाबानेच ती घट्ट बसतात, आणि एका जोरदार सरीत पाइपचं तोंड झाकण लावल्यासारखं बंद होतं. पुढचं पाणी रस्त्यावरून जातं आणि खडी तळ्यात नेऊन टाकतं. एका रात्रीत वाहून गेलेला रस्ता पुन्हा करायला जे लागतं त्यात वर्षभराची पानसफाई निघते. म्हणून पानगळीच्या दिवसांत मोठ्या पावसाचा अंदाज आला की मी आधी मोरीकडे जातो. ब्लोअर नाही, हातात फक्त लांब दांड्याचा आकडा. काटक्या ओढून काढल्या की पानं आपोआप पलीकडे वाहून जातात. मोरीच्या वरच्या बाजूला दोन-तीन मीटरवर ठरावीक अंतराने खुंट रोवून ठेवले तर काटक्या तिथेच अडकतात आणि पाइपचं तोंड मोकळं राहतं. फक्त ते खुंटही साफ करावे लागतात, हे विसरू नका.

खडीच्या रस्त्यावर पंजा चालवू नका, पानांबरोबर खडीही येते. इथे ब्लोअरच हवा, आणि पानं कोरडी असतानाच. पानं तशीच राहिली तर चाकांखाली त्यांचा चुरा होतो, चुरा खडीच्या फटीत बसतो, आणि दोन-तीन वर्षांत रस्त्यावर माती तयार होऊन गवत उगवतं. आणखी एक: सुक्या पानांच्या जाड थरावर गरम गाडी उभी करू नका. गाडीच्या पोटाखालचा एक्झॉस्ट पानं पेटवण्याइतका तापलेला असतो.

तळ्याचं काम पानं पाण्यात पडण्याआधीच करायचं असतं. पाण्यात गेलेली पानं कुजताना प्राणवायू खातात आणि त्यांतलं स्फुरद पाण्यात उतरतं, मग उन्हाळ्यात शेवाळ माजतं. पानांतून किती स्फुरद निघतं याची कल्पना अनेकांना नसते. विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन शहरात अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण विभागाने रस्त्यांवरची पानं प्रत्येक पावसाआधी उचलून पाहिली. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पावसाच्या पाण्यातलं स्फुरद पानगळीच्या काळात 80 टक्क्यांहून जास्त घटलं. तुमचं तळं लहान असेल तर पानगळीपुरती वरून जाळी ताणा. ते जमत नसेल तर वाऱ्याच्या बाजूच्या काठावर उंच गवत किंवा झुडपांचा पट्टा राखा. जमिनीवरून सरपटत येणारी बरीच पानं तिथेच थांबतात.

आता गवत, जिथे तुमच्या सगळ्या सुट्ट्या जातात. गवतावर ओल्या पानांचा अख्खा थर बसला तर गवत खाली गुदमरतं, बुरशी धरतं आणि वसंतात पिवळे चट्टे उठतात. तेव्हा काहीतरी करायला हवं हे बरोबर. पण पानं गोळाच करायला हवीत असं नाही. शेडमधला मोवर बाहेर काढा, त्याला मल्चिंगचं, म्हणजे पानांचा बारीक चुरा करणारं पातं लावा आणि पानांवरून चालवा. पानांचे नखाएवढे तुकडे होऊन गवताच्या काड्यांमधून खाली जातात आणि तिथेच कुजतात. मिशिगन स्टेट विद्यापीठात यावर बरेच प्रयोग झालेत, आणि 15 सेंटीमीटरपर्यंतचा सैल थरही असा बारीक करून मुरवता येतो असं तिथे दिसलं. मी स्वतः तेवढं साचेपर्यंत थांबत नाही. तीन-चार सेंटीमीटर झालं की एक फेरी, पानं कोरडी असताना, मोवर उंचावर ठेवून आणि हळू. थर जाड असेल तर दुसरी फेरी पहिलीला काटकोनात. झाल्यावर वरून पाहिलं तर गवताची टोकं स्पष्ट दिसली पाहिजेत. तुकड्यांनीच हिरवं झाकलं असेल तर ते गवताला जास्त होतंय. तेवढ्या भागातलं पिशवी लावून उचला. पानांनी माती आम्ल होते अशी एक समजूत आहे, विशेषतः ओकबद्दल. ताजी पानं जराशी आम्ल असतात, कुजल्यावर तो फरक जवळपास नाहीसा होतो. त्यासाठी चुना टाकत बसू नका.

आणि हेही विचारा की एवढं गवत हवंच का. मोठ्या झाडाखाली गवत तसंही नीट येत नाही. सावली, मुळं आणि पानं तिन्ही त्याच्या विरोधात. मी नवी जागा हातात घेतली की सर्वांत आधी झाडाच्या घेराखालचं गवत काढून टाकतो आणि तिथे पानांचंच आच्छादन करतो: 5 ते 10 सेंटीमीटर, खोडापासून वीतभर अंतर सोडून. खोडाला ढीग टेकला तर साल सडते आणि थंडीत उंदीर त्या आडोशाने साल कुरतडतात. दोन-तीन जवळच्या झाडांचे असे घेर एकमेकांना जोडले की गवताची कडा सरळ होते, मोवर न थांबता फिरतो, आणि झाडाचं पान झाडाखालीच पडून राहतं. तुमच्यासारख्या जागेत श्रमाची खरी बचत होते ती इथे. कोणताही ब्लोअर याच्या जवळपास येत नाही. काहींना हे पसाऱ्यासारखं वाटतं. कडा रेखीव राखली तर वाटत नाही. माणसाची नजर कडेवरूनच ठरवते की जागा सांभाळलेली आहे की टाकून दिलेली.

एवढं करूनही रस्त्यावरची, भिंतीलगतची आणि गवतातली उरलेली काही पानं हलवावी लागतीलच. ती झाडीत आत न्या आणि पसरा. आत म्हणजे काठावर नाही, पाच-दहा पावलं पलीकडे. एकाच ठिकाणी ढीग ओतला तर खालची रोपं आणि रानफुलं मरतात आणि ढिगाच्या पोटात हवा न गेल्याने पानं वर्षानुवर्षं तशीच राहतात. घोट्याच्या वर थर जाऊ देऊ नका. नेताना नेहमी उताराच्या आणि वाऱ्याच्या दिशेने काम करा. वाऱ्याशी भांडून पानं हलवणं म्हणजे दुप्पट काम. पंजाने ताडपत्रीवर ओढून ताडपत्री घसरत न्यायची, ही जुनी पद्धत पन्नास-साठ मीटरपर्यंत अजूनही उत्तम आहे.

बागेसाठी माती हवी असेल तर थोडी पानं बाजूला काढा. तारेच्या जाळीचा सव्वा मीटर रुंद, मीटरभर उंच पिंजरा करा, पानं बारीक करून भरा, भरताना थराथराला पाणी मारा आणि विसरून जा. बारीक केलेली पानं वर्षभरात, अख्खी दोन वर्षांत काळ्या भुसभुशीत लीफ मोल्डमध्ये, म्हणजे कुजलेल्या पानांच्या मातीत बदलतात. लोक विचारतात की पानांचा ढीग तापत का नाही. सुक्या पानांत कर्ब फार आणि नत्र कमी. कर्बाचं नत्राशी गुणोत्तर 40 ते 80 च्या घरात, आणि ढीग तापायला ते तिसाच्या आसपास लागतं. म्हणून इथे काम जिवाणूंपेक्षा बुरशी करते, थंडपणे आणि सावकाश. घाई असेल तर ताजं कापलेलं गवत किंवा शेण मिसळा. लीफ मोल्ड हे खत म्हणून फारसं जोरदार नाही, पण पाणी धरून ठेवण्यात त्याला तोड नाही. रोपांच्या मिश्रणात आणि वाळूसर मातीत मी ते आवर्जून वापरतो. ओक आणि बीचची पानं चिवट असतात, ती बारीक न करता भरू नका.

काडी लावण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: नको. पानं बाहेरून सुकी दिसली तरी ढिगाच्या आत ओल असते, त्यामुळे ती जळण्यापेक्षा धुमसतात. त्या धुरात अतिसूक्ष्म कण, कार्बन मोनॉक्साइड आणि बेन्झोपायरीनसारखी कर्करोगकारक द्रव्यं असतात, आणि तो जमिनीलगत पसरतो. दम्याच्या माणसाला एवढा धूर पुरेसा आहे. पुष्कळ ठिकाणी पानं जाळायला बंदी आहे किंवा परवाना लागतो, ते तुम्ही तपासालच. पण नियम नसला तरी, झाडीला लागून, पानगळीच्या वाऱ्यात, सुक्या पाचोळ्याच्या शेजारी आग पेटवणं हा हिशेब मला कधी पटलेला नाही. एखादं पेटतं पान उडून झाडीत पडलं की ते शोधत बसायला वेळ मिळत नाही.

आता यंत्र. पहिला खर्च मल्चिंगच्या पात्यावर करा. तुमच्याकडे मोवर आहे, त्यामुळे हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त उपयोगाचा खर्च. दुसरा, पाठीवरचा ब्लोअर, खडीचा रस्ता आणि भिंतीलगतच्या पट्ट्यासाठी. घेताना हवेचा वेग मोठ्या अक्षरात छापलेला असेल, पण तुम्ही यंत्र मिनिटाला किती घनफूट हवा फेकतं तो आकडा पाहा. मोकळी कोरडी पानं ढकलायला हवेचं प्रमाण लागतं. वेग लागतो तो चिकटलेली ओली पानं सुटी करायला. कानांना संरक्षण हवंच, विशेषतः पेट्रोलच्या यंत्राला. जागा फार नसेल तर बॅटरीचा चालतो. तुमच्या रस्त्याची लांबी पाहून ठरवा, मधेच चार्जिंगला थांबावं लागलं तर वैताग येतो. स्वीपर तुम्ही घेऊ नये असं मला वाटतं. तो सपाट, उघड्या, कोरड्या गवतावर छान चालतो. तुमच्याकडे उतार आहे, मुळं वर आलेली आहेत, आणि गवतावरची पानं मोवरच निकालात काढणार आहे. शिवाय सुक्या पानांनी त्याची पेटी बघता बघता भरते, मग ती रिकामी कुठे करायची हा प्रश्न तुमचाच.

हे सगळं पहिल्याच वर्षी करायला जाऊ नका. या पानगळीत मोऱ्या, छप्पर, भिंतीलगतचा पट्टा आणि मोवरच्या फेऱ्या एवढंच करा, झाडीत पंजा नेऊ नका. झाडांखालचे घेर पुढच्या वसंतात आखा, तोवर गवत कुठे आपणहून विरळ होतंय ते दिसेलच, आणि सीमारेषा तिथूनच काढा.

कंत्राटदाराला काम देणार असाल तर त्याला फक्त पानं साफ करून द्या असं सांगू नका, तो झाडीतही शिरेल, कारण त्याच्या लेखी साफ म्हणजे साफ. त्याच्याबरोबर एकदा फिरा, हद्दीवर खुंट्या मारून दोरी बांधा आणि दोरीच्या पलीकडे ब्लोअर न्यायचा नाही हे आधीच ठरवा. पानं कुठे पसरायची ती जागाही दाखवा, नाहीतर सगळा माल झाडीच्या काठावर बांध होऊन पडेल. मोरीचं तोंड स्वतः नेऊन दाखवा. आणि ओकची पानं उतरल्यावरची दुसरी फेरी त्याने दरात धरली आहे का, ते काम सुरू होण्याआधी विचारून घ्या.